शिरस्त्राणावरील वराह आणि मुद्रेवरील वराह

१

इंग्लंडमधील डर्बिशायर परगण्यात बेंटी ग्रेंज येथे मातीचा एक जुना दफन-उंचवटा आहे. टॉमस बेटमन या संशोधकाने ३ मे १८४८ रोजी त्याचे उत्खनन केले. आत पुरलेल्या पुरुषाचा देह जवळजवळ पूर्णपणे मातीत विरून गेला होता. केसांखेरीज त्याचे काहीही हाती लागले नाही. त्याचे शिरस्त्राण मात्र टिकले होते. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर शिंगाच्या पातळ पत्र्यांचे आच्छादन, आणि माथ्यावर ब्राँझचा एक लहानसा रानडुक्कर, असे त्याचे स्वरूप होते. या वराहाच्या डोळ्यांच्या जागी गार्नेट जातीचे तांबडे खडे बसविलेले असून अंगावर सोन्याचांदीचे काम आहे. आज हे शिरस्त्राण शेफील्डच्या संग्रहालयात आहे. सातव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन समाजाचा हा अवशेष होय.

त्याच सातव्या शतकात दक्षिणापथावर बादामीच्या चालुक्यांचे राज्य होते. दुसरा पुलकेशी सुमारे इ. स. ६१० ते ६४२ या काळात राज्य करीत होता. त्याच्या घराण्याचे लांछन वराह हे होते. त्यांच्या ताम्रपटांच्या कडीवर जी मुद्रा असते तिच्यावर बहुधा हाच प्राणी कोरलेला आढळतो. सोलापूरच्या विद्यार्थ्याला हे घराणे परके नाही. रविकीर्तीने रचलेल्या ऐहोळे येथील शके ५५६ च्या प्रशस्तीत पुलकेशीच्या आरंभीच्या संकटाचे वर्णन आहे. आप्पायिक आणि गोविंद हे दोघे हत्तींची सेना घेऊन भीमरथीच्या उत्तरेकडील प्रदेश जिंकावयास आले, असे रविकीर्ती सांगतो. ही भीमरथी म्हणजे पंढरपूरवरून वाहणारी आपली भीमाच होय. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात तर हा सारा जिल्हा त्यांच्या राज्याच्या गाभ्यात मोडत होता.

दोन दूरस्थ समाज, एकच शतक, एकच प्राणी आणि दोहोंकडे त्याचा राजसत्तेशी व युद्धाशी संबंध, असे हे साम्य पाहिले की तुलनेचा मोह होणे स्वाभाविक आहे. वराह हे शौर्याचे सार्वत्रिक प्रतीक, किंवा आदिम कुलचिन्हाचा अवशेष, किंवा सूर्याचे रूपक, असा एखादा सिद्धान्त मांडून दोन्ही वस्तू एका सूत्रात ओवता येतात. परंतु अशा सिद्धान्ताने प्रत्यक्ष वस्तूविषयीचे आपले ज्ञान कितपत वाढते, हा प्रश्न शिल्लकच राहतो. रानडुक्कर शूर असतो हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्या शौर्याचे चिन्ह एका ठिकाणी डोक्यावर का आले आणि दुसऱ्या ठिकाणी ताम्रपटाच्या कडीवर का आले, हे मात्र त्या सिद्धान्तातून कळत नाही. चिन्हाचा अर्थ केवळ त्याच्या आकारात नसतो. ते कोठे बसविले आहे आणि तेथे त्याने कोणते काम करावे अशी अपेक्षा आहे, यावर तो अवलंबून असतो, ही गोष्ट या दोन वराहांच्या परीक्षणातून स्पष्ट होते.

२

प्रथम शिरस्त्राणावरील वराहाचा विचार करू. बेंटी ग्रेंजची वस्तू एकटी नाही. नॉर्थॅम्प्टनशायरमधील वॉलस्टन येथे १९९७ साली सापडलेल्या शिरस्त्राणावर लोखंडी वराह आहे. केंब्रिजशायरमधील गिल्डन मॉर्डन येथील ब्राँझचा वराह १८६४ किंवा १८६५ च्या सुमारास एका थडग्यात मिळाला आणि १९०४ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या पायांची रचना दुसऱ्या वस्तूवर घट्ट बसविण्यासाठी केलेली असल्यामुळे तोही शिरस्त्राणाचाच भाग असावा, असे अनुमान करतात. लिंकनशायरमधील हॉर्नकासल येथे २००२ साली चांदीच्या वराहाचे शिर सापडले. सटन हू येथील नौकादफनातून १९३९ साली बाहेर आलेल्या प्रसिद्ध शिरस्त्राणात भुवयांची टोके वराहमुखाची आहेत. स्वीडनमधील एलांड बेटावरील टॉर्सलुंडा येथे १८७० साली मिळालेल्या ब्राँझच्या साच्यांवर माथ्यावर वराह असलेले योद्धे कोरलेले आहेत. याहीपूर्वी, इ. स. ९८ च्या सुमारास, रोमन इतिहासकार टॅसिटस याने बाल्टिक किनाऱ्यावरील एस्ती लोकांविषयी लिहिताना वराहचिन्हाचा उल्लेख केला आहे. देवमातेचे हे उपासक वराहाचे चिन्ह अंगावर बाळगतात आणि चिलखताऐवजी तेच आपले शत्रूपासून रक्षण करील असे मानतात, असे त्याने नमूद केले आहे.

या सर्व पुराव्यांत एक गोष्ट समान आहे. वराह शरीराच्या निकट आहे. तो डोक्यावर आहे, भुवईवर आहे, अंगावर आहे. म्हणजे जेथे तलवारीचा घाव बसावयाचा तेथेच तो आहे. त्याचा प्रेक्षक समोरचा शत्रू, आणि त्याचा आश्रित शिरस्त्राण घालणारा एक माणूस. युद्धाच्या क्षणी या एका देहाचे रक्षण करणे हे त्याचे काम होय.

‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात या वराहाचे वर्णन अनेकदा येते. काव्याची एकमेव हस्तलिखित प्रत इ. स. १००० च्या सुमाराची आहे. नायक आणि त्याचे सोबती डेन लोकांच्या किनाऱ्यावर उतरून चालू लागतात तेव्हा त्यांच्या गालपट्ट्यांवर वराह चमकताना दिसतात. नायक राक्षसिणीच्या डोहात उतरण्यापूर्वी शिरस्त्राण चढवितो, त्या वेळी कवी मुद्दाम सांगतो की पूर्वीच्या एका कारागिराने त्यावर वराहाकृती अशा बसविल्या होत्या की कोणतेही शस्त्र त्यातून आत शिरू नये. येथे वस्तू आणि काव्य एकमेकांना दुजोरा देतात. बेंटी ग्रेंजच्या शिरस्त्राणाकडे पाहून जे अनुमान करावयाचे, ते काव्यात शब्दरूपाने आलेले आहे.

३

आता मुद्रेवरील वराह पाहू. चालुक्यांच्या ताम्रपटांतील ठरावीक मजकुरात घराण्याचे वर्णन करताना भगवान नारायणाच्या प्रसादाने वराहलांछन प्राप्त झाल्याचे सांगितलेले असते. पुढील काळातील अनेक ताम्रपटांचा आरंभच विष्णूच्या वराहरूपाच्या स्तुतीने होतो. समुद्र ढवळून काढणाऱ्या त्या वराहाच्या उजव्या सुळ्याच्या टोकावर पृथ्वी विसावली आहे, असे ते वर्णन आहे. बादामीच्या तिसऱ्या लेण्यात ही कल्पना शिल्परूपाने दिसते. मंगलेशाचा शके ५०० चा लेख याच लेण्यात आहे.

ताम्रपटाची घडण येथे लक्षात घेतली पाहिजे. दानलेख एकाहून अधिक पत्र्यांवर कोरीत. प्रत्येक पत्र्याला छिद्र पाडून सर्व पत्रे एका कडीत ओवीत आणि कडीची दोन्ही टोके मुद्रेच्या बुडाशी सांधून टाकीत. त्यामुळे कडी कापल्याशिवाय एखादा पत्रा काढता येत नसे, की नवा पत्रा घुसविता येत नसे. राजाने दिलेले गाव, त्याच्या सीमा, दान घेणाऱ्याचे गोत्र, माफ केलेले कर हे सारे त्या पत्र्यांवर असे; आणि त्या साऱ्याचा खरेपणा कडीच्या सांध्यावर, म्हणजेच वराहाच्या आकृतीवर, अवलंबून असे. हा वराह कोणाच्याही देहाचे रक्षण करीत नाही. तो शब्दाचे रक्षण करतो. त्याचा प्रतिपक्ष समोरचा योद्धा नसून उद्याचा लबाड अधिकारी किंवा परवाचा विसराळू राजा आहे. म्हणूनच दानलेखाच्या शेवटी भावी राजांना उद्देशून शापवचने येतात.

ताम्रपटाचा विषय बहुधा भूमी असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या देवाने पृथ्वी पाण्यातून वर काढली आणि सुळ्यावर तोलून धरली, त्याच देवाच्या आकृतीने भूमीच्या दानावर शिक्का उमटावा, यात मोठे औचित्य आहे. लांछनाची निवड करताना हा विचार झाला होता, असे ठामपणे सांगण्याचे कारण नाही. परंतु मुद्रा आणि मंगलश्लोक एकत्र वाचणाऱ्याला हा संबंध जाणवल्याशिवाय राहत नाही, आणि वाचकाला जाणवणारा संबंध हाही अर्थाचाच भाग असतो. वराहाच्या शौर्यापेक्षा त्याचे धारणसामर्थ्य येथे महत्त्वाचे ठरते. इंग्लंडमधील वराह घाव परतवितो. दक्षिणेतील वराह भार पेलतो.

कोणी असे म्हणेल की हा भेद फार ताणलेला आहे, कारण चालुक्यांचा वराह हेही राजाच्या पराक्रमाचे चिन्ह होते आणि इंग्लंडमधील वराहही सत्तेच्या व्यवहारात वावरत होता. दुसरी गोष्ट खरी आहे. ‘बेओवुल्फ’मध्येच वराहशीर्षाचा एक ध्वज येतो. डेन लोकांचा राजा तो नायकाला बक्षीस देतो आणि नायक स्वदेशी परतल्यावर आपल्या राजाला अर्पण करतो. या ध्वजावरील वराह कोणाचे डोके वाचवीत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि प्रत्येक हस्तांतरात निष्ठेचे नाते दृढ करतो. परंतु या उदाहरणाने मूळ विधान दुबळे न होता बळकटच होते. एकाच काव्यात, एकाच प्राण्याचे चिन्ह शिरस्त्राणावर एक काम करते आणि ध्वजावर दुसरे. दक्षिणेतील लेखांच्या बाबतीतही फ्लीट याने हाच विवेक सांगितला होता. राजघराण्याचे लांछन आणि त्याचा ध्वज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये, असे त्याचे प्रतिपादन होते. चालुक्यांचे लांछन वराह असले तरी त्यांच्या ध्वजाचा उल्लेख पालिध्वज असा वेगळा येतो. मुद्रेवर जे असते तेच रणांगणात फडकत असले पाहिजे, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

४

चिन्ह काही वचन देते. ते वचन मोडले म्हणजे काय होते, हा या विषयातील खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. दोन वराहांमधील अंतर येथेच सर्वांत अधिक जाणवते.

‘बेओवुल्फ’चा कवी वराहाच्या संरक्षक शक्तीचे वर्णन करतो, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवीत नाही. तलवार शिरस्त्राणावरील वराहालाच छेदून जाते, असा उल्लेख याच काव्यात आहे. फिन्सबुर्गच्या उपकथेत दोन्ही पक्षांच्या मृतांची चिता रचली जाते. त्या चितेवर रक्ताने माखलेल्या चिलखतांबरोबर सोन्याचा वराहही दिसतो. ज्यांचे रक्षण करावयाचे ते मेले आहेत आणि रक्षक त्यांच्यासोबत जळण्याची वाट पाहत आहे. राजा ह्रोथगार आपल्या मारल्या गेलेल्या जिवलग सल्लागाराबद्दल शोक करतो तेव्हाही, ज्या लढायांत वराह वराहावर आदळत त्या लढायांतील सोबतीची त्याला आठवण होते. रणांगणात ज्याला काही झाले नाही तो रात्री घरात मारला गेला. कवीने वराहाला जेथे जेथे आणले आहे तेथे तेथे त्याच्या तेजाबरोबर त्याची मर्यादाही आणली आहे. बेंटी ग्रेंजच्या थडग्यात हेच चित्र प्रत्यक्ष दिसते. ज्या देहासाठी वराह माथ्यावर बसविला तो देह उरला नाही, वराह उरला.

प्रशस्तिलेखाला असे बोलण्याची मोकळीक नसते. तो राज्याचा दस्तऐवज असतो, आणि चंद्रसूर्य असेपर्यंत दान चालेल असे म्हणणाऱ्या लेखात ते न चालण्याची शक्यता केवळ शापाच्या रूपाने येऊ शकते. तरीही वचन मोडल्याची साक्ष लेखांतून मिळते. फक्त ती कोठे शोधावी हे कळले पाहिजे. पुलकेशीच्या अखेरीस पल्लवांनी बादामी घेतली. त्यानंतर त्याचा मुलगा पहिला विक्रमादित्य याने राज्य परत मिळविले. त्याच्या ताम्रपटांत असे म्हटले आहे की पित्याची राज्यलक्ष्मी तीन राजांमुळे अंतरली होती ती त्याने पुन्हा मिळविली, आणि त्या तीन राज्यांत नष्ट झालेली देवस्वे व ब्रह्मदेये त्याने स्वमुखाने पुन्हा स्थापन केली. हे वाक्य ताम्रपटाच्या अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. वराहमुद्रेने बांधलेली दाने बुडाली होती, याची ही खुद्द त्याच घराण्याने दिलेली कबुली आहे. परंतु ती केव्हा दिली, तर बुडालेले पुन्हा वर काढल्यानंतर. पृथ्वी बुडाली होती हे वराहाच्या कथेत सांगता येते ते ती वर आल्यामुळेच. प्रशस्तीला अपयश उच्चारता येते, पण केवळ निस्तरलेले अपयश.

न निस्तरलेले अपयश शत्रूच्या प्रशस्तीत सापडते. इ. स. ७५३ च्या सुमारास राष्ट्रकूट दन्तिदुर्गाने चालुक्यांची सत्ता मोडली. कोल्हापूरजवळच्या सामानगड येथील त्याचा ताम्रपट शके ६७५ चा आहे. पुढे राष्ट्रकूटांच्या दानलेखात कृष्णराजाच्या पराक्रमाचे वर्णन करताना, युद्धाची खुमखुमी असलेल्या महावराहाचे त्याने हरिण करून टाकले, अशी कोटी केली आहे. कवीने शत्रूचे नावही घेतलेले नाही. लांछन तेवढे घेतले आणि त्याचे भित्र्या प्राण्यात रूपांतर केले. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या आकृतीने दानाला प्रामाण्य दिले, तीच आकृती आता उपहासाचे साधन झाली. हा श्लेष ज्या पत्र्यांवर कोरला गेला ते स्वतः दुसऱ्या मुद्रेने, राष्ट्रकूटांच्या गरुडाने, बांधलेले होते, हेही विसरता कामा नये.

यावरून दोन वाङ्मयप्रकारांतील फरक स्पष्ट होतो. महाकाव्याचा कवी चिन्हाचे यश आणि अपयश एकाच दृष्टीत सामावून घेतो, कारण त्याला मृत्यूचे वर्णन करावयाचे असते. प्रशस्तिकाराला राज्याच्या सातत्याचे वर्णन करावयाचे असते. म्हणून त्याच्या चिन्हाचे अपयश एक तर पुढच्या पिढीच्या लेखात येते किंवा प्रतिपक्षाच्या लेखात. एक प्रशस्ती एकटी वाचणारा वाचक त्यामुळे नेहमीच अर्धा इतिहास वाचतो. तिला अतिशयोक्त म्हणून टाकून देणेही चूक आणि तिला शब्दशः खरे मानणेही चूक. तिच्या जोडीला दुसरी प्रशस्ती ठेवली म्हणजे तिचा अर्थ पुरा होतो.

५

चिन्हाचा अर्थ त्याच्या स्थानावर व कार्यावर अवलंबून असतो, याला आणखी एक प्रमाण आहे. ते श्रद्धांतराचे होय. बेंटी ग्रेंजच्या शिरस्त्राणाच्या माथ्यावर वराह आहे, आणि नाकावर येणाऱ्या पट्टीवर चांदीचा क्रूस आहे. सातवे शतक हे इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचे शतक होते. वराह हा पूर्वीच्या देवतांशी जोडलेला प्राणी. नॉर्स परंपरेत फ्रेयर देवाचे वाहन सोनेरी केसांचा वराह आहे. क्रूस आला म्हणून वराह गेला नाही. डोक्याला रक्षणाची गरज होती तोवर दोन्ही रक्षक शेजारी शेजारी नांदले.

चालुक्यांच्या बाबतीतही असेच दिसते. मंगलेशाचे लेणे वैष्णव आहे. ऐहोळेची प्रशस्ती लिहिणारा रविकीर्ती जैन असून ती जैन मंदिरावर कोरलेली आहे. पहिल्या विक्रमादित्याने इ. स. ६६० मध्ये शैव दीक्षा घेतली. तरीही मुद्रेवरील वराह बदलला नाही. राजाची व्यक्तिगत उपासना एका ठिकाणी आणि कडीवरील सांधा दुसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था होती. वराहाकडे केवळ भक्तीचे प्रतीक म्हणून पाहिले तर हे सातत्य कोड्यात टाकणारे वाटते. त्याच्या कामाकडे पाहिले म्हणजे कोडे राहत नाही. उपासना बदलली तरी दानाला साक्षीदार हवाच होता.

६

भाषेतही या चिन्हाचा प्रवास उमटलेला आहे. प्राचीन इंग्रजीत रानडुकराला ‘इओफोर’ आणि सामान्यपणे डुकराला ‘स्वीन’ असे शब्द होते. शिरस्त्राणावरील आकृतीसाठी काव्यात हे दोन्ही शब्द गौरवाने येतात. आजच्या इंग्रजीत त्यांपैकी दुसऱ्याचा वंशज शब्द माणसाला लावला तर ती शिवी होते. प्राणी तोच, शिरस्त्राण गेले आणि शब्दाचा मानही गेला.

मराठीने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविली आहे. आपल्याकडे ‘वराह’ आणि ‘डुक्कर’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांचे प्रदेश वेगळे आहेत. वराह देवळात, पुराणात आणि पंचांगात. डुक्कर उकिरड्यावर आणि शिवीत. रानडुक्कर ज्वारीच्या आणि उसाच्या शेतात. देवाला कोणी डुक्कर म्हणत नाही आणि पिकाची नासधूस करणाऱ्याला कोणी वराह म्हणत नाही. या विभागणीमुळे शब्दाचा मान टिकला. पण एक तोटाही झाला. सुळ्यांनी जमीन उकरणारा, चिखलात लोळणारा, जखमी झाल्यावर अंगावर चालून येणारा प्रत्यक्ष प्राणी ‘वराह’ या शब्दातून जवळजवळ नाहीसा झाला. अवताराची कल्पना ज्या निरीक्षणावर उभी आहे, म्हणजे मुस्कटाने माती वर काढणारा प्राणी, ते निरीक्षण संस्कृत शब्दाच्या सोवळेपणाआड लपले. कल्याणीच्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या शके १०५१ मधील ग्रंथात डुकराच्या मांसाच्या पाककृती आहेत. ज्या राजकुळाचे लांछन वराह त्याच राजकुळाच्या स्वयंपाकघरात तो प्राणी शिजत होता, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली असे दिसत नाही. लांछनातील वराह आणि ताटातील वराह यांची स्थाने वेगळी होती.

नाण्याच्या बाबतीत तर नाव उरले आणि आकृती गेली. दक्षिणेतील सोन्याच्या नाण्याला ‘वराह’ हे नाव वराहलांछनावरून पडले असे मानतात. विजयनगरच्या काळात या नाण्यांवर उमामहेश्वर, गंडभेरुंड, बाळकृष्ण अशा निरनिराळ्या आकृती आल्या, तरी त्यांचे नाव वराहच राहिले. नाण्यावरील चिन्ह वजनाची आणि कसाची हमी देते. ती हमी एकदा नावात रुजली की आकृतीची गरज उरत नाही.

७

या विवेचनाचा सोलापूरच्या अभ्यासकाला काय उपयोग, असा प्रश्न येथे विचारता येईल. या जिल्ह्यातील लेखसंपत्ती विपुल आहे. श्रीनिवास रित्ती आणि आनंद कुंभार यांनी संपादिलेल्या सोलापूर जिल्ह्यातील लेखांच्या संग्रहाने ती अभ्यासकांना एकत्र उपलब्ध करून दिली. त्यांतील मोठा भाग कन्नड भाषेतील शिलालेखांचा आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या काळाचा आहे. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील मंदिराच्या तुळईवरील शके ९४० चा मराठी लेखही याच राजवटीतील, जयसिंह जगदेकमल्लाच्या काळातील आहे. मिरज येथे मिळालेला शके ९४६ चा ताम्रपट याच जयसिंहाचा.

चालुक्यांचे लांछन वराह, म्हणून त्यांच्या शिलालेखांवर वराह शोधावयास निघालेला विद्यार्थी बहुधा निराश होईल. चालुक्यांच्या शिलालेखांतील ठरावीक बिरुदावलीत समस्तभुवनाश्रय, पृथ्वीवल्लभ, सत्याश्रयकुलतिलक, चालुक्याभरण अशी विशेषणे येतात. वराह त्यात येत नाही. शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य, लिंग, गाय-वासरू, तलवार अशी चिन्हे दिसतात. यावरून वराहलांछनाचा विसर पडला होता असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. शिळेला सांधा नसतो. ती गावाच्या चव्हाट्यावर किंवा देवळाच्या दारात उभी असते आणि सारे गाव तिचे साक्षीदार असते. तेथे पत्रे बांधून ठेवणाऱ्या मुद्रेचे कामच नाही. चंद्रसूर्य काळाची मर्यादा सांगतात, गाय-वासरू दानाचा पवित्रपणा सांगते. ही चिन्हे पाहणारा गावकरी निरक्षर असला तरी त्याला ती कळतात. ताम्रपट पेटीत राहतो, शिळा उघड्यावर राहते. म्हणून दोहोंची चिन्हे निराळी.

यातून अभ्यासाची एक शिस्त सूचित होते. कोणतेही प्राणिचिन्ह समोर आले की ते कशाचे प्रतीक, हा प्रश्न प्रथम विचारू नये. ते कशावर बसविले आहे, ते कोणी पाहावे अशी अपेक्षा होती, आणि ते कशाचे रक्षण करते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. प्रतीकाचा विचार त्यानंतर आपोआप येतो, आणि तो अधिक नेमका असतो.

हे तीन प्रश्न विचारता येण्यासाठी वस्तू तिच्या जागी असावी लागते, किंवा निदान जागेची नोंद तरी असावी लागते. बेंटी ग्रेंजचा वराह शिरस्त्राणासह मिळाला म्हणून त्याच्याविषयी निश्चयाने बोलता येते. गिल्डन मॉर्डनचा वराह सुटा आहे. त्याच्याविषयी अनुमानानेच बोलावे लागते, आणि ते अनुमानही बेंटी ग्रेंजच्या आधारावर उभे आहे. आपल्याकडील ताम्रपटांची गोष्ट याहून वेगळी नाही. संशोधकाच्या हाती पत्रे येण्यापूर्वीच कडी कापली गेली होती, अशी नोंद जुन्या लेखसंपादनांत वारंवार आढळते. कधी पत्रे वाचण्याच्या घाईत, कधी तांब्याच्या लोभाने हे घडते. कापलेल्या कडीबरोबर पत्र्यांचा क्रम, त्यांची पूर्ण संख्या आणि लेखाच्या खरेपणाची साक्ष ही सारी धोक्यात येतात. मुद्रा मागाहून संग्रहालयात सुखरूप पोहोचली तरी ती मग केवळ एक सुंदर आकृती उरते.

जिल्ह्यात क्षेत्रकार्यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या घरात ताम्रपट पाहिला तर मजकुराचे छायाचित्र घेण्याआधी कडी पाहावी, सांधा अखंड आहे की नाही ते टिपावे, आणि तो अखंड असेल तर कापू देऊ नये. मजकूर पुढेही वाचता येईल. तेरा शतकांपूर्वी ज्या कामासाठी वराहाची आकृती त्या सांध्यावर बसविली गेली, ते काम त्या कडीत अजूनही चालू असते. एकदा कापलेला सांधा मात्र कोणत्याही संशोधनाने पुन्हा जुळत नाही.